चिंगी शी का खायची आणि ते कसं थांबलं: डोंबिवलीतली एक केस

फोन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला, बाहेर धो धो पाऊस आणि फोनवर वहिनी रडवेल्या झालेल्या. "ताई, आमची कुत्री स्वतःची शी खाते आणि मग येऊन मुलाचं तोंड चाटते, सासूबाई म्हणाल्यात गणपतीच्या आत हिची काहीतरी सोय करा." सोय करा म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करताना असे फोन खूप येतात, चावतो म्हणून येतात, भुंकतो म्हणून येतात, पण शी खातो म्हणून येणाऱ्या फोनमध्ये माणसाच्या आवाजात एक वेगळीच लाज असते, जणू घरातलं काहीतरी वंगाळ उघडं पडलंय. ती लाज पहिल्यांदा बाजूला ठेवायला लागते. म्हणून मी त्यांना आधी एवढंच सांगितलं की ही सवय तुम्हाला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त कुत्र्यांना असते आणि तुमची कुत्री बिघडलेली नाहीये.

ही केस मी पूर्ण लिहून काढतेय कारण हिच्यात जवळजवळ सगळं एकत्र होतं, जंत होते, खाण्याचा गोंधळ होता, पावसाळा होता, जुनी शिक्षा होती आणि घरच्यांची धावपळ होती. घरच्यांची ओळख देत नाही, चिंगीचं नाव मात्र त्यांना विचारून दिलंय.

तर घर असं. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. हॉलला लागून अरुंद गॅलरी, तिच्यात वॉशिंग मशीन, तुळशीची कुंडी, दोरीवर कपडे आणि कोपऱ्यात पाणी जायची जाळी. दादा सकाळी लोकल पकडून जातात ते रात्री साडेआठला येतात, वहिनी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात, चार वर्षांचा मुलगा आणि आजी. आजी माळकरी, त्यामुळे घरात मटण-मासे सोडाच, अंडंसुद्धा येत नाही. चिंगी देशी, त्या वेळी आठेक महिन्यांची, दोन महिन्यांची असताना दादांनी एका बांधकामाच्या साइटवरून उचलून आणलेली. तेव्हा पोट फुगलेलं, अंगभर पिसवा. लसी सगळ्या झालेल्या होत्या, जंताचं औषध मात्र एप्रिलनंतर दिलंच नव्हतं.

कधीपासून खाते विचारल्यावर आधी सगळे म्हणाले "पहिल्यापासूनच असेल", मग आजींनीच बरोबर आठवून सांगितलं, पाऊस लागल्यापासून. जून संपेपर्यंत तिला दिवसातून तीनदा खाली न्यायचे. पाऊस लागला, जिने ओले, मुलाला सर्दी, मग हळूहळू "गॅलरीतच करू दे, धुऊन टाकू" असं झालं. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आजी कपडे काढायला गॅलरीत गेल्या तर हिच्या तोंडाला लागलेलं आणि फरशी साफ.

मी घरी जायच्या आधी त्यांना व्हेटकडे पाठवलं, आणि हे मी प्रत्येक केसमध्ये करते, अपवाद नाही. कारण शी खाण्यामागे आजार असला तर माझं सगळं ट्रेनिंग फुकट जातं आणि त्या जनावराचे मधले दिवस वाया जातात ते वेगळंच. ताजी शी डबीत भरून दोन-तीन तासांच्या आत द्यायला सांगितली. मिळवायची कशी हा प्रश्नच होता, कारण ती उरतच नव्हती, शेवटी दादा रविवारी पहाटे तिला पट्ट्याला बांधून खाली घेऊन गेले तेव्हा मिळाली. रिपोर्टमध्ये हुकवर्मची अंडी निघाली. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, पिल्लांना आईच्या दुधातून येतात, आणि ओल्या मातीतून पायाच्या कातडीतूनही आत शिरतात, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात यांचा जोर. चिंगीच्या हिरड्या गुलाबी असायला हव्यात त्या फिकट होत्या, हिमोग्लोबिनही थोडं खाली आलेलं. व्हेटनी औषध दिलं, पंधरा दिवसांनी दुसरा डोस आणि मग परत शी तपासायची असं ठरलं. औषधाचं नाव आणि डोस मी मुद्दाम लिहीत नाही, वजन बघून तो व्हेटनीच ठरवायचा असतो.

इथेच एका आजाराबद्दल सांगते, चिंगीला तो नव्हता पण ज्यांच्याकडे जर्मन शेफर्ड आहे त्यांना माहीत हवाच. स्वादुपिंडातून अन्न पचवणारी एन्झाइम पुरेशी तयारच होत नाहीत, त्याला ईपीआय म्हणतात. कुत्रा बकाबका खातो, तरी बारीक होत जातो, बरगड्या दिसायला लागतात, शी ढीगभर, फिकट, तेलकट, आणि तो ती शी परत खातो कारण तिच्यात न पचलेलं अन्न तसंच पडलेलं असतं. म्हणजे तो खरंच उपाशी असतो. टीएलआय नावाची रक्ताची टेस्ट असते, उपाशीपोटी करतात, त्यात कळतं, आणि निघालं तर जेवणात एन्झाइमची पावडर आयुष्यभर, बऱ्याच वेळा जोडीला बी-१२ ची इंजेक्शनं. असा कुत्रा शी खातो म्हणून मार खात असेल तर विचार करा त्याचं काय होत असेल. डायबेटिस, कुशिंग (हा हार्मोनचा आजार) यातही भूक वाढते, आणि स्टेरॉइड किंवा फिटचं फेनोबार्बिटल चालू असेल तरी कुत्रा दिसेल ते खायला लागतो. म्हणून मोठ्या कुत्र्याने आयुष्यात कधी नाही आणि अचानक हे सुरू केलं तर आधी डॉक्टर.

चिंगीचं वजन वयाच्या मानाने ठीक होतं, शी तेलकट नव्हती, त्यामुळे व्हेटनी पुढच्या टेस्ट केल्या नाहीत. औषधानंतर हिरड्यांना रंग आला, तिचं ते सारखं काहीतरी शोधत फिरणं कमी झालं, पण शी खाणं थांबलं नाही. वहिनींचा मेसेज आला, "जंत गेले तरी खातेच आहे." मला आश्चर्य वाटलं नाही. जंतांनी भूक वाढवली असेल, सुरुवात करून दिली असेल, पण महिनाभर रोज केलेली गोष्ट नुसत्या औषधाने जात नाही.

पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी मला आत्तापर्यंत केलेले उपाय सांगितले. शीवर लाल तिखट टाकून बघितलं, एकदा हिंग. अननसाच्या फोडी घातल्या, पपई घातली. शेजारच्या काकांनी सांगितलं कॅल्शियम कमी पडतंय म्हणून कॅल्शियमचं सिरप चालू केलं होतं, ते मी व्हेटला विचारून बंद करायला लावलं, वाढत्या पिल्लाला मनाने कॅल्शियम देणं धोक्याचं असतं. आणि ऑनलाइन मागवलेली एक पावडर, जेवणात टाकली की शीची चव कडू होते म्हणे.

या पावडरींबद्दल स्पष्टच बोलते कारण लोकांचे पैसे आणि महत्त्वाचे आठवडे यात जातात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठा सर्व्हे केला, २०१८ मध्ये तो छापून आला, जवळजवळ ३००० कुत्रेवाल्यांची उत्तरं होती. १६ टक्के कुत्रे असे निघाले ज्यांना घरच्यांनी निदान सहा वेळा तरी कुत्र्याची शी खाताना बघितलेलं. बाजारातली ११ प्रॉडक्ट त्यांनी विचारात घेतली, कुठल्याच प्रॉडक्टचा गुण २ टक्क्यांच्या वर गेला नाही, काहींचा तर शून्य. आणि "सोड" म्हणायचं आणि सोडलं की बक्षीस द्यायचं, ज्याच्यावर आम्ही ट्रेनर लोक भरवसा ठेवतो, त्याचा गुण पण ४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा वाचल्यापासून मी या केसमध्ये "सोड" ला मुख्य उपाय म्हणून वापरणं बंद केलं. शिकवते, पण आधार त्याच्यावर ठेवत नाही.

त्याच सर्व्हेत अजून एक गोष्ट होती जी आजींना समजावताना फार उपयोगी पडली. शी खाणारे कुत्रे जवळजवळ सगळे ताजीच खातात, दोन दिवसांच्या आतली. जुनी वाळलेली शिळी शी सहसा सोडून देतात. हार्ट यांचं म्हणणं असं की हे लांडग्यांपासून आलेलं असावं. आजारी किंवा म्हातारा लांडगा गुहेच्या जवळपास घाण करतो, त्या घाणीत जंतांची अंडी असतात, ती बाहेर पडल्या पडल्या संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दिवस लागतात, मग त्याच्या आत ती घाण खाऊन टाकली की पिल्लांचं घर स्वच्छ. हा त्यांचा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण जुळतो खरा. आणि आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे व्यालेली कुत्री. पहिले तीनेक आठवडे ती पिल्लांना चाटून चाटून शी-शू करवते आणि सगळं स्वतः खाऊन टाकते, म्हणून तर तिची जागा कोरडी असते. आजींनी लहानपणी गावाला गोठ्याच्या मागे व्यालेली कुत्री बघितलेली होती, त्या लगेच म्हणाल्या, "हो गं, तिच्या पिल्लांखालचं कधी काही दिसलं नाही." मी म्हटलं आजी, तेच हे. त्या क्षणापासून त्यांचा चिंगीकडे बघायचा चेहरा जरा निवळला, किळस गेली नाही, पण "ही विकृत आहे" हे गेलं.

आता त्या घरात नेमकं काय चालू होतं ते मला बघायचं होतं, आणि मी समोर बसले तर चिंगी नेहमीसारखी वागणार नाही. म्हणून वॉशिंग मशीनवर जुना मोबाइल उभा करून ठेवला, चार दिवसांत पाच क्लिप मिळाल्या. त्यातली पहिली मी कितीतरी वेळा बघितली.

चिंगी गॅलरीत येते. जाळीच्या कोपऱ्यात दोन गोल चकरा मारते, बसते. बसल्या बसल्याच मान वळवून हॉलच्या दाराकडे बघते, कान मागे चिकटलेले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. तिची शी अजून पूर्ण झालेली नाहीये, तरी ती उठते, गर्रकन वळते आणि दोन घासात गिळते, चावतसुद्धा नाही. मग आजी दारात, हातात झाडू, "अगं ए, अगं ए" आणि चिंगी शेपूट पोटाखाली घेऊन मशीनमागे. बसल्यापासून गिळेपर्यंत १४ सेकंद. चार क्लिप साधारण अशाच. पाचव्या क्लिपमध्ये आजी पूजेला बसलेल्या आणि वहिनी मीटिंगमध्ये, कोणीच आलं नाही. त्यात चिंगी शी करून बाजूला होते, वास घेते, जरा फिरून येते, अर्धी खाते, अर्धी तशीच ठेवून आत जाते.

मी त्या दोन क्लिप आजींना आणि वहिनींना लागोपाठ दाखवल्या. कोणी धावून येत नाही तेव्हा ही कमी खाते आणि सावकाश खाते. धावून आलं की गिळते. म्हणजे आपण ज्याला थांबवणं म्हणत होतो त्याने तिचा वेग वाढत होता. दोन कुत्र्यांमध्ये एक हाडूक पडलं आणि एक धावला की दुसरा कसा झडप घालून गिळतो, तसं. तिच्या नजरेत आजी तिच्या शीसाठी धावत येत होत्या.

मग दादांना विचारलं, लहान असताना घरात शी केली तर काय करायचात. ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाक लावायचो. सगळे तसंच सांगतात ना." हो, सगळे तसंच सांगतात, आणि ते चूक आहे, कितीही घरांत चालत आलं असलं तरी चूक आहे. कुत्र्याला पाच मिनिटांपूर्वीच्या शीचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध लागत नाही. त्याला कळतं ते इतकंच की शी आणि माणूस एकत्र आले की आपल्यावर संकट येतं. मग तो दोनपैकी एक शिकतो, माणसापासून लपून करायची किंवा माणूस यायच्या आत ती नाहीशी करायची. चिंगी दोन्ही शिकली होती, म्हणून दादा खाली न्यायचे तेव्हा पट्ट्याला बांधलेली ती अर्धा अर्धा तास करायचीच नाही आणि वर आली की गॅलरीत. दादांना हे ऐकून वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की तुम्ही मुद्दाम त्रास द्यायला केलं नाहीत, आणि आता जे करायचंय त्यात सगळ्यात मोठं काम तुमचंच आहे.

खाण्याचं पण बघायला लागलं. सकाळी दूध-पोळी, रात्री वरण-भात, मधे मुलाच्या ताटातलं. दुधाने पोट ढिलं राहायचं, भात-पोळीने शी भरपूर आणि दिवसातून चार-पाच वेळा, म्हणजे खायची संधीच चार-पाच वेळा. डेव्हिसच्या सर्व्हेत आहाराचा आणि या सवयीचा काही संबंध निघाला नव्हता, त्यामुळे मी असं म्हणणार नाही की वरण-भातामुळे ती शी खात होती. पण वाढत्या कुत्रीला त्यात प्रोटीन कमी पडत होतं हे व्हेटनी पण सांगितलं आणि शी कमी वेळा, घट्ट आणि ठरलेल्या वेळी आली तर आपलं काम निम्मं सोपं होतं. प्रश्न होता आजींचा. व्हेटनी सुचवलेलं कोरडं खाणं म्हणजे पॅकेटमधलं, त्यात चिकन. आजी सुरुवातीला नाहीच म्हणाल्या. मी जोर केला नाही, त्यांच्या घरात त्यांचा नेम मोडायचा मला अधिकार नाही. दोन दिवसांनी त्यांनीच तोडगा काढला, डबा गॅलरीत राहील, भांडं वेगळं, चमचा वेगळा, स्वयंपाकघरात काही येणार नाही, आणि "ती कुठे माळकरी आहे" असं वहिनींना म्हणाल्या. आठवडाभर जुनं-नवं मिसळत मिसळत बदललं, दिवसाचं खाणं तीन वेळा वाटून दिलं. दूध बंद. शी दोन वेळांवर आली, क्वचित तीन.

आता मुख्य काम. मी त्यांना एकच सूत्र दिलं, शीसाठी तिच्याशी स्पर्धा करायची नाही, शी झाल्यानंतरचा क्षण चिंगीसाठी दिवसातला सगळ्यात चांगला क्षण करायचा. आणि तोपर्यंत एकटीला गॅलरीत सोडायचं नाही, एकदाही नाही. गॅलरीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं गेट लावलं.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी खाली न्यायचं, पाऊस असला तरी, दादांनी स्वतःसाठी रेनकोट घेतला आणि तिच्या पाठीवर जुन्या छत्रीच्या कापडाचा तुकडा बांधला. पट्टा छोटा, साधारण चार फुटांचा, पण ताणायचा नाही. ती चकरा मारायला लागली की माणसाने तिच्याकडे बघायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, पिशवी तर अजिबात बाहेर काढायची नाही कारण पिशवीच्या आवाजाला ती घाबरून उठायची. शी संपली, ती उभी राहिली, की आनंदी आवाजात "चिंगी, चल!" आणि तीन पावलं पुढे जमिनीवर पनीरचे चार तुकडे टाकायचे, एकच मोठा नाही, चार छोटे, म्हणजे शोधण्यात पाच-दहा सेकंद जातात आणि तिचं तोंड शीच्या विरुद्ध दिशेला असतं. ती पनीर खाते तोवर शांतपणे मागे हात नेऊन उचलायची. पनीर यासाठीच निवडलं की आजींना चालतं आणि चिंगीला ते इतर कशापेक्षाही जास्त आवडतं, हे मी आधी रताळं, बिस्किट आणि पनीर समोर ठेवून बघून घेतलं होतं. बक्षीस कुत्र्याला आवडतं का हे बघितल्याशिवाय देऊच नये, लोक कोरडं बिस्किट देतात आणि म्हणतात उपयोग नाही.

पहिल्या दिवशी दादांनी घाई केली, ती बसलेली असतानाच "चल" म्हणाले, ती अर्धवट उठली आणि वर येऊन हॉलमध्ये केली. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले आणि त्यांना नुसतं उभं राहायला शिकवलं, खरंच तेवढंच, श्वास सोडून, खांदे सैल करून, समोरच्या भिंतीकडे बघत. सातव्या मिनिटाला चिंगीने केली. उठली आणि सवयीने मान मागे वळवली, तेवढ्यात पनीर पडलं. नाक शीकडे, कान पनीरकडे, एक सेकंद ती तशीच थांबली आणि मग पुढे गेली. दादा मला म्हणाले, "ताई, हिने ठरवलं." त्या एका सेकंदासाठी सगळी खटपट असते.

घरात मोकळा वेळ भरायला काही गोष्टी केल्या, दही स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून चाटायला, कोरड्या खाण्याचे दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला. तरुण कुत्री दिवसभर वन बीएचकेमध्ये बसून राहिली तर तिचं नाक कुठेतरी जाणारच. गॅलरीची फरशी आधी फिनेलने पुसायचे, आपल्याला स्वच्छ वाटतं पण कुत्र्याला त्याच्याखालचा वास येतोच, आणि त्याच वासावर ती परत तिथेच बसते, म्हणून एन्झाइमवालं क्लीनर आणलं, चार वेळा त्या जाळीच्या कोपऱ्यात वापरलं. मझलबद्दल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर चढवायच्या मुसक्याबद्दल, वहिनींनी विचारलं. खाली सोसायटीच्या पार्किंगमागे मांजरांची घाण असते तिथल्यापुरतं मी हो म्हटलं, पण जाळीचं, ज्यात कुत्रा तोंड उघडून धापा टाकू शकतो असं, कापडी घट्ट नाही, आपल्या हवेत ते जीवघेणं होऊ शकतं. ते पण आठ दिवस आत पनीर लावून सवय करून मगच.

मुलाचं काय, हा वहिनींचा रोजचा प्रश्न. शी खाल्लेलं तोंड मुलाच्या तोंडाला लागणं चांगलं नाहीच, जिआर्डिया, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू ताज्या शीतून लगेच पसरू शकतात. गोलकृमींच्या अंड्यांना मात्र बाहेर पडल्यावर तयार व्हायला एक ते चार आठवडे लागतात, म्हणजे ताज्या शीपेक्षा मुलं खेळतात त्या मातीत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या शीचा धोका जास्त. म्हणून जंताचं औषध वेळेवर, शी लगेच उचलायची, मुलाने जेवायच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि चिंगीने तोंड चाटायचं नाही, हात चाटला तर चालेल, धुवायचा. एवढं पाळलं तर कुत्री घराबाहेर काढायची गरज नाही, हे व्हेटनी आजींना समोर बसवून सांगितलं, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं गेलं.

हिशोब आजींनी ठेवला. कालनिर्णयवर दुधाच्या नोंदी असतात तशा, खाल्लं तर फुली, नाही तर टिंब. पहिल्या आठवड्यात पाच फुल्या. दुसऱ्यात तीन. तिसऱ्या आठवड्यात गणपती आले, दीड दिवसाचा, घरात पंधरा-वीस माणसं, गेट कोणीतरी उघडं ठेवलं आणि चिंगी गॅलरीत जाऊन परत तेच करून आली, एका दिवसात दोनदा. आजी म्हणाल्या सगळं पाण्यात गेलं. गेलेलं नव्हतं. पाहुणे, आरतीचा टाळ-झांजांचा आवाज, फिरायची वेळ चुकलेली, मुलाने प्रसादाचा पेढा दिलेला, यात कुठलीही कुत्री जुन्या वाटेला जाते. मी त्यांना एवढंच सांगितलं की रागवू नका, पुसून घ्या, उद्या सकाळपासून नेहमीसारखं. दुसऱ्याच दिवशी ती खाली करून पनीरकडे वळली. पुढच्या आठवड्यात एक फुली, मग सलग दोन आठवडे टिंबं. दसऱ्यापर्यंत गॅलरी बंद ठेवायला लावली होती, मग हळूहळू आजी बसलेल्या असताना उघडायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण गावाकडून बरेच जण विचारतात. कुत्रा गाईचं शेण, शेळीच्या लेंड्या खातो ते आणि हे एक नाही. चारा खाणाऱ्या जनावरांचं शेण कुत्रे सर्रास चाखतात, बहुतेक वेळा काही होत नाही. जपायचं ते तेव्हा, जेव्हा गुराला किंवा घोड्याला नुकतंच जंताचं औषध दिलंय, त्यात आयव्हरमेक्टिन असेल तर ते शेणातून, लिदीतून उतरतं आणि कोली, शेल्टी अशा जातींच्या कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो त्यामुळे त्यांना ते थोडंही बाधतं. माथेरानला कोली घेऊन जाणाऱ्यांनी पट्टा आखूडच ठेवावा. आणि लसी पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर दुसऱ्या कुत्र्याच्या शीला नाकसुद्धा लावू देऊ नका, पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार त्यातूनच येतो.

चिंगीची शी ऑक्टोबरमध्ये परत तपासली, अंडी नाहीत. दर तीन महिन्यांचं औषध आता आजींच्याच कालनिर्णयवर लिहिलेलं असतं. पार्किंगमागची मांजरांची घाण तिला अजून सुटलेली नाही, तिथे मझल लागतं आणि मला वाटतं ते बरेच दिवस लागेल, मांजराची शी कुत्र्यांना फार आवडते. त्या बाजूने न जाता पुढच्या गेटने जायचं असं दादांनी ठरवलंय.

डिसेंबरमध्ये शेवटचं गेले तेव्हा वहिनी कामावर, दादा ऑफिसला, घरी आजी एकट्या. गुडघे दुखत असतानाही दुपारचं त्या तिला खाली नेतात, जिन्यात कठडा धरून, एका हातात पट्टा आणि कमरेला त्यांची जुनी सुपारीची डबी, तिच्यात सुपारीऐवजी पनीरचे तुकडे. मी गेटपाशी थांबून बघत होते. चिंगीने नारळाच्या झाडाखाली केली, मागे वळूनसुद्धा न बघता सरळ आजींच्या कमरेशी आली आणि डबी उघडायची वाट बघत बसली. आजी डबी उघडताना तिला म्हणत होत्या, "थांब गं बाई, झाकण घट्ट बसलंय."